कॅलथ्रॉपचा दोर

टँडम उडी मारून उतरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा असतो, पण त्याला उडी मारता येते असं कुणी म्हणत नाही. त्याच्या पाठीला एक अनुभवी इन्स्ट्रक्टर पट्ट्यांनी जखडलेला असतो. दारातून कधी निघायचं ते तो ठरवतो, पॅराशूट तो उघडतो, वारा बघून वळणं तो घेतो आणि जमीन जवळ आली की ‘पाय वर, पाय वर’ असं ओरडतोही तोच. पुढच्याने फक्त कॅमेऱ्यात बरं दिसायचं. मीही दिसले. माझे गाल कानांपर्यंत पोचलेले आहेत तो व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर अजून अधूनमधून डोकं वर काढतो.

काहींचं तेवढ्यावर समाधान होतं आणि त्यात वावगं काही नाही. काहींना मात्र परतीच्या वाटेवरच खुपायला लागतं की एवढं सगळं झालं, पण आपण त्यात केलं काय? अशी माणसं थोड्या दिवसांनी पुन्हा ड्रॉप झोनच्या, म्हणजे पॅराशूट उड्यांच्या केंद्राच्या, काउंटरवर उभी राहतात आणि म्हणतात, मला एकट्याने शिकायचंय. मग पलीकडून प्रश्न येतो: स्टॅटिक लाइन की एएफएफ?

मी इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये राहते. इथले बरेचसे ड्रॉप झोन दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्ट्यांवर आहेत. एक हँगर, त्यात जमिनीवर पसरून पॅराशूटच्या घड्या घालणारी माणसं, कोपऱ्यात चहा आणि सॉसेज सँडविचचं दुकान, आणि सगळ्यांचे डोळे ढगांकडे. त्या काउंटरवर मी तो प्रश्न ऐकला आणि माहितीपत्रक घेऊन घरी आले. निवडायला बराच वेळ लावला. आमच्या घरात मिक्सर घ्यायचा तरी चार दुकानं फिरतात, हे तर विमानातून बाहेर पडायचं होतं.

स्टॅटिक लाइन ही जुनी रीत. विमान ३५०० फुटांच्या आसपास जातं. पाठीवरच्या पॅराशूटला एक साधारण पंधरा फूट लांबीचा मजबूत पट्टा जोडलेला असतो आणि त्याचं दुसरं टोक विमानात पक्कं केलेलं असतं. तुम्ही दारात पाय बाहेर सोडून बसता, जंपमास्टर ‘गो’ म्हणतो आणि तुम्ही स्वतःला बाहेर ढकलता. पट्टा ताणला जातो, पाठीवरची पिशवी उघडतो, पॅराशूट ओढून काढतो आणि तुमच्यापासून सुटून विमानाच्या मागे फडफडत राहतो. तीन-चार सेकंदांत डोक्यावर २६०-२९० चौरस फुटांची कॅनपी, म्हणजे फुगलेलं पॅराशूट. तिथून खाली मात्र तुम्ही आणि ती कॅनपी, तिसरं कुणी नाही. हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, त्यावर खालून कुणीतरी ‘आता डावीकडे’ म्हणत असतं. पण रेडिओ बंद पडला तर काय करायचं हे आधीच शिकवलेलं असतं, म्हणजे त्याच्यावरही विसंबायचं नसतं.

सैन्यातले पॅराट्रूपर असेच उतरतात. ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशातल्या टांगाइलजवळ पूंगली पूल ताब्यात घेऊन शत्रूची वाट अडवायला २ पॅरा बटालियन उतरली, ती याच पट्ट्याच्या जोरावर; आणि ही बटालियन मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची. महेंद्रसिंग धोनीने २०१५ मध्ये आग्र्याला पाच उड्या पूर्ण करून पंखांचा बिल्ला मिळवला, त्या उड्याही याच जातीच्या.

एएफएफ म्हणजे ॲक्सिलरेटेड फ्री फॉल; फ्री फॉल म्हणजे पॅराशूट उघडण्याआधीचं मोकळं पडणं. ही पद्धत अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रुजली आणि आता जगभर तिचंच राज्य आहे. विमान थेट बारा-तेरा हजार फुटांवर. दोन बाजूंना दोन इन्स्ट्रक्टर, दोघांनी तुमचा हार्नेस धरलेला. तिघं मिळून बाहेर पडायचं आणि ताशी १९० किलोमीटरच्या वेगाने पाऊण मिनिट पडत राहायचं. त्या पाऊण मिनिटात क्षितिज बघायचं, मनगटावरचा उंची दाखवणारा अल्टीमीटर वाचायचा, डावीकडच्याकडे बघून खूण घ्यायची, मग उजवीकडच्याकडे, हात मागे नेऊन पॅराशूट उघडायचं हँडल नुसतं शिवून यायचं, तेही तीनदा. दोन बोटं ताठ दिसली की पाय लांब करायचे, हात थरथरवून दाखवला की अंग सैल सोडायचं. आणि साडेपाच हजार फुटांवर तेच हँडल स्वतःच्या हाताने ओढायचं. ब्रिटिश पद्धतीत अशा आठ लेव्हल. पहिल्या तिन्हींना दोन इन्स्ट्रक्टर, पुढे एक, आणि आठवीला पाच हजार फुटांवरून एकट्याने निघून लगेच उघडायचं. त्यावर दहा सरावाच्या उड्या झाल्या की ए लायसन्स हा पहिला परवाना, म्हणजे सगळं पहिल्या झटक्यात जमलं तर अठराव्या उडीला. अमेरिकेत त्यासाठी किमान २५ उड्या लागतात.

अधल्यामधल्या वाटाही आहेत. काही ठिकाणी पट्ट्याऐवजी इन्स्ट्रक्टर स्वतःच तुमचं पायलट शूट, म्हणजे मोठ्या पॅराशूटला ओढून काढणारं छोटं पॅराशूट, हातात धरतो आणि तुम्ही निघाल्यावर सोडून देतो. काही ठिकाणी आधी दोन-तीन टँडम उड्यांतच अल्टीमीटर वाचायला आणि हँडल ओढायला लावतात. पण खरा वाद वरच्या दोघांतच.

क्लबमध्ये ज्याला विचारावं तो म्हणे, एएफएफ कर. लवकर शिकशील. खरं आकाश पहिल्या दिवशी बघशील. स्टॅटिक लाइन म्हणजे नुसता दारातला धसका, मजा काहीच नाही. दीड-दोन हजार पौंडांच्या घरातला खर्च एकदम दिसतो म्हणून लोक बिचकतात, पण स्टॅटिक लाइनने लायसन्सपर्यंत जायचं तर एकेक उडी करत शेवटी पैसे तेवढेच जातात. हे सगळं खरं होतं. मी तक्ता करून ठेवला होता: खर्च, रजा, हवामान, लेव्हल पुन्हा करावी लागली तर लागणारे पैसे.

मग आईचा फोन आला. तिला मी जमेल तसं सांगितलं. ती आधी म्हणाली, “म्हणजे त्या पुण्याच्या शीतल महाजन नऊवारी नेसून उतरल्या होत्या, तसं?” म्हटलं, नाही गं, त्या कुठे आणि मी कुठे, त्यांनी २००४ मध्ये पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली होती. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग तिने विचारलं, “बरं, पण ते उघडतं कोण? आपोआप, की तू?”

माझ्या तक्त्यात हा रकाना नव्हता.

इथे मला कॅलथ्रॉपसाहेब आठवले, आणि ते का ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. आमचं गाव कुर्डुवाडी. आजोबा तिथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला होते, बार्शी लाइटच्या छोट्या रुळांच्या जमान्यात. अडीच फूट रुंदीचा मार्ग, १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाला आणि पुढे पंढरपूर, लातूर, मिरज असा पसरला. आषाढीला डब्यांच्या टपावरही वारकरी. ही रेल्वे ज्याने कल्पनेतून रुळांवर आणली तो इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळही पुरतात, हा त्याचा हिशेब. आजोबांना तो हिशेब तोंडपाठ होता आणि ते साहेबाचं नाव असं घ्यायचे, जसा काही तो काल रजेवर गेलाय.

पॅराशूटचा इतिहास वाचताना हेच नाव समोर आलं तेव्हा मला वाटलं, कुणी दुसरा असेल. दुसरा नव्हता. कॅलथ्रॉपचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, १९१० मध्ये बोर्नमथला विमान कोसळून गेला. त्यानंतर या रेल्वेवाल्या माणसाने पॅराशूटचा ध्यास घेतला आणि त्यात पदरचे बरेच पैसे घालवले. त्याच्या पॅराशूटचं नाव ‘गार्डियन एंजल’. पॅराशूटची घडी एका डब्यात, डबा विमानाला बसवलेला, आणि वैमानिकाच्या पट्ट्यांपासून पॅराशूटपर्यंत दोर. माणूस बाहेर पडला की त्याच्याच वजनाने पॅराशूट डब्यातून निघणार. माणसाला काही म्हणजे काही करावं लागू नये. तो घाबरलेला असो, भाजलेला असो, अर्धवट शुद्धीत असो. १९१७ मध्ये मेजर ऑर्ड-लीस नावाच्या गृहस्थांनी हे पॅराशूट घालून लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्समध्ये उडी मारून दाखवली. हे तेच ऑर्ड-लीस, जे ध्रुवीय प्रवासी शॅकल्टनच्या जहाजावरून अंटार्क्टिकाला जाऊन बर्फात अडकून परत आले होते. एवढं होऊनही पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट मिळालं नाही. बलूनमधून टेहळणी करणाऱ्यांना मिळालं, विमानवाल्यांना नाही. वजन, जागा ही कारणं होतीच, पण वरच्यांना धाकधूक ही की हाताशी पॅराशूट असलं तर पोरं विमान वाचवायच्या आधीच उड्या टाकतील.

दुसरी बाजू अमेरिकेतली. २८ एप्रिल १९१९ ला ओहायोतल्या मॅककुक फील्डवर लेस्ली अर्विन नावाच्या माणसाने १५०० फुटांवरून उडी मारली. त्याच्या पाठीवर पॅराशूट होतं, पण विमानाला काहीही बांधलेलं नव्हतं. मोकळा पडणारा माणूस शुद्ध हरपतो, त्याला हात हलवता येत नाही, असं तेव्हा पुष्कळ शहाण्यांचं मत होतं. अर्विनने विमानापासून दूर गेल्यावर स्वतःच्या हाताने दोरी ओढली, पॅराशूट उघडलं, आणि उतरताना घोटा मोडून घेतला. घोटा मोडला त्याचं कुणाला काही वाटलं नाही. हात हलला हे महत्त्वाचं. पुढे हाच अर्विन इंग्लंडात येऊन लेचवर्थला पॅराशूटचा कारखाना घालून बसला.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच या दोघांनी आईच्या प्रश्नाची दोन उत्तरं देऊन ठेवली होती. कॅलथ्रॉपचा घाबरलेल्या माणसाच्या हातावर विश्वास नव्हता. अर्विनचा होता. माहितीपत्रकातले दोन रकाने म्हणजे याच दोघांचं भांडण, फक्त आता त्याला पौंडांतल्या किमती चिकटल्या आहेत.

माझ्या हातावर माझा विश्वास आहे का? त्या घडीला नव्हता. हे मी एका एएफएफ इन्स्ट्रक्टरला बोलून दाखवलं तर तो हसला. म्हणाला, तू नाही ओढलंस तर मी ओढीन, मी नाही ओढलं तर तो दुसरा ओढेल, आणि आम्ही तिघंही झोपलो तर पाठीवर यंत्र आहे. खरंच असतं. १९९१ मध्ये एअरटेक या जर्मन कंपनीने सायप्रेस नावाचं उपकरण आणलं. ठरावीक उंचीच्या खालीही तुम्ही वेगाने पडतच असाल तर ते स्वतःहून रिझर्व्ह, म्हणजे राखीव, पॅराशूट उघडतं. असली उपकरणं आता विद्यार्थ्यांच्या प्रत्येक रिगमध्ये, म्हणजे पाठीवरच्या पॅराशूटच्या संचात, असतात. त्यामुळे एएफएफ जास्त धोक्याचं आणि स्टॅटिक लाइन सुरक्षित, असं सरधोपट म्हणता येत नाही. उंची हीसुद्धा फसवी चीज आहे. ३५०० फुटांवरून निघून काहीच उघडलं नाही तर जमिनीपर्यंत वीस-पंचवीस सेकंद असतात. एएफएफवाला साडेपाच हजारांवर हँडल ओढायला घेतो तेव्हा तो आधीच पूर्ण वेगात असतो, तरी त्याच्याकडे तीसेक सेकंद असतात. कमी उंचीवरून म्हणजे कमी भीतीचं, हा हिशेब आकाशात उलटा चालतो.

आमच्याकडे पोरांना विहिरीत पोहायला शिकवायच्या दोन तऱ्हा होत्या. एक, काकाने स्वतः पाण्यात उतरून पोटाखाली हात धरायचा. दोन, कमरेला दोर बांधून काठावरून ढकलून द्यायचं आणि दोराचं टोक हातात धरून काकाने वरच थांबायचं. पहिल्या तऱ्हेने शिकलेली पोरं लवकर सूर मारायला लागायची. पण दुसऱ्या तऱ्हेत पहिल्या क्षणापासून पाण्यात एकटं असायचं. मी लहानपणी दुसरीतच शिकले होते. मी स्टॅटिक लाइन घेतली.

कारणं आणखीही होती, आणि ती स्वभावापेक्षा पक्की होती. पहिलं म्हणजे कॅनपी. अलीकडच्या काळातल्या गंभीर अपघातांचा मोठा वाटा पॅराशूट उत्तम उघडल्यानंतर, उतरताना होतो. त्यातले बरेच अनुभवी लोक असतात, लहान आणि वेगवान कॅनपीखाली शेवटच्या क्षणी वळण घेणारे. आमच्यासारख्या मोठ्या, सुस्त कॅनपीवाल्यांची गोष्ट वेगळी. तरी त्यातून मी एवढं घेतलं की शिकायची अवघड गोष्ट पडणं नसून उतरणं आहे. स्टॅटिक लाइनच्या उडीत तेवढंच असतं. फ्री फॉलची नशा नाही, तिची आठवण नाही, डोकं रिकामं. वाऱ्याची दिशा, ती दाखवणारा कापडी विंडसॉक, मैदान यावरच लक्ष. एक हजार फुटांवर वाऱ्याच्या दिशेने, सहाशेवर आडवं, तीनशेवर वाऱ्याला तोंड, आणि जमिनीपासून दहा-बारा फुटांवर दोन्ही टॉगल, म्हणजे कॅनपी वळवायच्या मुठी, खाली ओढून फ्लेअर, म्हणजे वेग मोडणं. फ्लेअर लवकर केला तर कॅनपी थांबते आणि आपटते, उशिरा केला तर आपणच आपटतो.

या बाबतीत स्कॉटलंडमधला एक जुना अभ्यास फार बोलका आहे. टेसाइडच्या डॉक्टरांनी जवळच्या दोन पॅराशूट केंद्रांवरून पाच वर्षांत आलेले जखमी मोजले आणि १९९९ मध्ये निष्कर्ष छापले. १७४ जखमींपैकी ९४ टक्के लोक धर्मादाय कामासाठी निधी जमवायला पहिल्यांदाच उडी मारणारे होते. अशा लोकांत दुखापतीचं प्रमाण ११ टक्के. त्यांनी माणशी सरासरी ३० पौंड जमवले होते आणि जमलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकारी आरोग्यसेवेचे पावणेचौदा पौंड खर्च झाले होते. हे वाचून आधी हसू येतं, मग घोट्याला मुंग्या येतात. यावरून कुणी म्हणेल, एकट्याने पहिली उडी हीच वाईट. मी त्यातून वेगळं काढलं: ज्यांना पुन्हा कधी उडी मारायची नाही त्यांनी एकट्याने मारूच नये. आता निधीवाल्या उड्या बहुतेक टँडमच असतात, ते बरंच झालं.

दुसरं कारण इंग्लंडचं आभाळ. इथे ढग चार-पाच हजार फुटांवर येऊन बसतात आणि दुपारभर हलत नाहीत. एएफएफला बारा हजारांपर्यंत मोकळी वाट लागते. आम्हाला ढगांच्या खालची पोकळी पुरते. त्यामुळे कित्येक शनिवारी असं व्हायचं की सगळ्या कोर्सचे पैसे भरून बसलेली एएफएफची मंडळी पत्ते कुटत असायची आणि आम्ही जुन्या पद्धतीचे बापुडे एकामागोमाग एक वर जायचो. वारा मात्र सगळ्यांना सारखा. १५ नॉटच्या वर गेला की दोन्ही पंथांचे विद्यार्थी चहाच्या रांगेत.

ग्राउंड स्कूलबद्दल लोक फार बोलत नाहीत, पण माझा जीव तिथेच रमला. अर्धा दिवस नुसतं पडायला शिकवतात. पाय जोडून, गुडघे किंचित वाकवून ओट्यावरून उडी मारायची आणि पावलं, पिंढरी, मांडी, कुल्ला, पाठ अशा क्रमाने लोळण घ्यायची. मग छताला टांगलेल्या हार्नेसमध्ये लटकायचं आणि डोक्यावर वेगवेगळी चित्रं धरली की ओरडून सांगायचं, हे चालेल की नाही. दोऱ्यांना पीळ पडलाय, पण कॅनपी फुगली आहे: लाथा मारून पीळ काढायचा. कॅनपी गाठोड्यासारखी अडकली आहे: उजवीकडचं कटअवे पॅड उपटायचं, मग डावीकडचं रिझर्व्ह हँडल. एक पॅड ओढून मुख्य पॅराशूट दोन्ही खांद्यांवरून एकदम सुटतं, ते तीन कड्यांच्या एका साध्या रचनेमुळे. ती बिल बूथ या अमेरिकन माणसाने १९७०च्या दशकात काढली. टँडमच्या जन्मातही त्याचा हात आहे. माझ्याशेजारी लटकलेला एक निवृत्त पोस्टमन प्रत्येक चित्राला ‘कटअवे’ म्हणायचा. इन्स्ट्रक्टरने त्याला शांतपणे सांगितलं, आजोबा, ते चित्र चांगल्या पॅराशूटचं आहे.

मोजणी मोठ्याने करायची असते: एक हजार, दोन हजार, तीन हजार, चार हजार, मग वर बघ. मी मराठीत मोजायची परवानगी मागितली, ती मिळाली.

पहिल्या उडीचं वर्णन करण्यासारखं फारसं नाही. दारात बसल्यावर जमीन दिसते आणि तेरा हजार फुटांवरून ती नकाशासारखी वाटते तशी इथून वाटत नाही. इथून ती जमीनच असते, मेंढ्यांसकट. बाहेर पडल्यावर अंग अर्धवट गिरकलं, कारण विमान सावकाश उडत असतं आणि अंगावर घ्यायला पुरेसा वाराच नसतो. पट्ट्याने त्याचं काम केलं. दोऱ्यांना एक पीळ होता, तो सुटला. पुढची तीन-चार मिनिटं मी इतक्या कामात होते की आनंद व्हायला सवड मिळाली नाही.

खरी गंमत पुढे आली, डमी पुलमध्ये. पॅराशूट पट्ट्यानेच उघडणार असतं, पण तुमच्या रिगवर एक खोटं हँडल लावतात, त्याला रंगीत फडकं. तुम्ही बाहेर पडून अंग कमानीत ठेवायचं, उजवा हात मागे, तोल राहावा म्हणून डावा डोक्यावर, आणि पट्टा ताणला जायच्या आत ते फडकं ओढून काढायचं. जंपमास्टर दारातून वाकून बघत असतो: हात गेला का, वेळेत गेला का, हात जाताना अंग फिरलं का. कमीत कमी तीन स्वच्छ डमी पुल लागोपाठ झाले की मगच पट्टा निघतो. लॉगबुकात शेरा येतो, ‘गुड ऑल द वे’. शाळेत मला असा शेरा मिळाल्याचं आठवत नाही.

स्टॅटिक लाइनची टिंगल करणारे हा भाग सांगत नाहीत. कॅलथ्रॉपच्या दोराला बांधलेलं असताना अर्विनचा हात तयार होतो. पॅराशूट दोघांपैकी कुणामुळे उघडलं याची चिंता नसते, त्यामुळे हात खरा काय करतो ते उघड दिसतं. एएफएफमध्ये दोन माणसांच्या पकडीत असताना तुमचा हात स्वतःच्या बळावर गेला की त्यांच्या भरवशावर, हे तुमचं तुम्हाला तरी कसं कळणार? अर्थात हे माझं म्हणणं. एएफएफवाले म्हणतील, गेला ना हात, मग झालं तर.

आणि त्यांचं एक म्हणणं मला मान्य करावं लागतं. पट्टा निघाल्यावर आधी पाच सेकंद, मग दहा, मग पंधरा असं फ्री फॉल वाढत जातं. दोन पाच-पाचच्या, दोन दहा-दहाच्या आणि एक पंधराची, अशा पाच उड्यांची बेरीज होते पंचेचाळीस सेकंद. एएफएफवाला एवढं पहिल्या उडीत पडून येतो. शिवाय आमचे हे सेकंद जवळजवळ सगळे आरंभीचे, वेग वाढत असतानाचे. ज्या वाऱ्यावर अंग रेलून स्थिर राहायचं तो वारा जुळतो दहा-बारा सेकंदांनी, आणि तोवर आमची वेळ जवळजवळ संपलेली असते. तोल सांभाळायला कमी साधन आणि सरावाला कमी वेळ, अशी दुहेरी कोंडी. माझ्याबरोबर ग्राउंड स्कूल केलेले कितीतरी चेहरे पुन्हा दिसले नाहीत, आणि त्याचं एक कारण हेच असावं: दारातली भीती प्रत्येक वेळी पूर्ण किमतीची, बदल्यात मिळतं चिमूटभर आकाश.

म्हणून दहा सेकंदांच्या टप्प्यावर मी पंथ बदलायचं ठरवलं. असे बदलणारे बरेच असतात. चीफ इन्स्ट्रक्टर लॉगबुक चाळतो, तुमची उडी बघतो आणि एएफएफमध्ये कुठून घ्यायचं ते ठरवतो. त्याआधी त्याने मला टनेलमध्ये पाठवलं. बेडफर्डजवळ एक उभा वाऱ्याचा बोगदा आहे. १९५०च्या दशकात विमानांची मॉडेलं त्यात सोडून ती गिरक्या कशी घेतात ते तपासत, आता त्यात माणसं तरंगतात. दोन-दोन मिनिटांच्या पाळ्या. पहिल्याच पाळीत कळलं की माझा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड राहतो आणि म्हणून मी हळूहळू फिरते. पाच-पाच सेकंदांच्या उड्यांत हे कधी लक्षातच आलं नसतं.

आता प्रश्न माझ्या भाच्याचा आहे. पुण्यात असतो, टँडम करून आलाय, आणि रोज विचारतो, “मावशी, मी काय करू?” भारतात टँडम करायला मिळतं, पण सलग शिकून लायसन्सपर्यंत जायचं तर बरेच जण थायलंड, दुबई किंवा स्पेन गाठतात. त्याच्याकडे कंपनीची दोन आठवड्यांची रजा आहे आणि तिथलं आभाळ मिडलंड्ससारखं हट्टी नाही. त्याला मी सरळ सांगितलं, एएफएफ कर. स्टॅटिक लाइन शोधत बसू नकोस. रोज उडी, रोज चूक दुरुस्त, मधे महिनाभराचं अंतर पडत नाही. ही पद्धत अशा सलग दिवसांसाठीच आहे. जाण्याआधी टनेल कर. लेव्हल पुन्हा करावी लागली तर किती पैसे, ते आधी लेखी घे. आणि पहिल्या तीन दिवसांत संध्याकाळी व्हिडिओ बघून कोण समजावणार, त्या माणसाशी आधी बोल; कॅनपीबद्दल तो स्वतःहून काही बोलतो का ते बघ. फ्री फॉलबद्दल सगळेच बोलतात.

तो म्हणाला, “मग तू का नाही केलंस थेट?” मी म्हटलं, कुर्डुवाडीची आहे मी. त्याला ते कळलं नाही. तो कोथरूडला वाढलाय.

मग बोलता बोलता त्याने सहज सांगितलं की गेल्या वर्षी क्रिकेट खेळताना त्याचा उजवा खांदा निखळला होता, पण आता एकदम ओके आहे. मी त्याला तिथेच थांबवलं. हँडल उजव्या हाताने ओढायचं असतं, आणि ताशी १९० किलोमीटरच्या वाऱ्यात हात पसरलेला असताना खांदा पुन्हा निखळला तर तो मागे जातच नाही. कुठल्याही बऱ्या शाळेच्या फॉर्मवर हा प्रश्न असतो आणि खांदा निखळलेल्यांना बरेच इन्स्ट्रक्टर एकट्याने उडी मारूच देत नाहीत. आता तो हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतोय. तिकिटाचं त्यानंतर बघू.